एका गाळलेल्या शब्दाची गोष्ट

१७८९च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कमधल्या फेडरल हॉलमध्ये अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसचे प्रतिनिधिगृह एका शब्दावर अडून बसले. नवी राज्यघटना लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. ती स्वीकारताना अनेक राज्यांनी हक्कांची सनद मागितली होती आणि त्या सनदेचा मसुदा आता कलमवार चर्चेला आला होता. शेवटच्या कलमाचा आशय साधा होता : घटनेने संघ सरकारकडे न सोपवलेले अधिकार राज्यांकडे राहतील. दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी थॉमस ट्यूडर टकर पेशाने डॉक्टर होते. त्यांनी उपसूचना मांडली की नुसते 'न सोपवलेले' नको, 'स्पष्टपणे न सोपवलेले' म्हणा.

जेम्स मॅडिसन यांनी विरोध केला. कागदावर लिहिलेल्या अधिकारापलीकडे पाऊलही टाकायचे नाही असे ठरवले तर कोणतेच सरकार चालणार नाही. काही अधिकार ओघानेच येतात, नाहीतर घटनेत बारीकसारीक प्रत्येक गोष्ट लिहीत बसावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. टकर यांची उपसूचना पडली. तीन दिवसांनी मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरी यांनी तोच शब्द पुन्हा आणला. बाजूने १७ मते पडली, विरोधात ३२.

राज्ये सार्वभौम की संघ, याचा निकाल अमेरिकेच्या घटनाकारांनी लावून टाकला होता, असे पुढची सत्तर वर्षे दोन्ही बाजूंचे लोक छातीठोकपणे सांगत राहिले. तो निकाल त्यांनी लावलेलाच नव्हता. हा प्रश्न त्यांनी जाणूनबुजून उघडा ठेवला, आणि 'स्पष्टपणे' हा शब्द जिथून गाळला गेला ती मोकळी जागा हेच त्याचे ठिकाण आहे.

हा शब्द सभागृहातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. १७७७मध्ये तयार झालेल्या आणि १७८१मध्ये अमलात आलेल्या महासंघाच्या करारात तो होता. प्रत्येक राज्य आपले सार्वभौमत्व आणि स्वातंत्र्य राखून आहे, स्पष्टपणे सोपवलेले अधिकार तेवढेच काँग्रेसचे, असे त्या कराराचे दुसरे कलम सांगत असे. त्याचा व्यवहारातला अर्थ तेराही राज्यांनी अनुभवला होता. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्ये जमेल तसे द्यायची किंवा द्यायचीच नाहीत. आयात मालावर पाच टक्के जकात लावून स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडावे असा प्रस्ताव आला, तेव्हा करारात बदल करण्यासाठी तेराही राज्यांचा होकार हवा होता. १७८२मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव मेला. पुढच्या वर्षी तो वेगळ्या रूपात आला, त्याचा बळी १७८६मध्ये न्यूयॉर्कने घेतला.

जून १७८३मध्ये तर थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियातल्या सरकारी इमारतीला वेढा घातला. आत काँग्रेस बसली होती. तिने पेनसिल्व्हेनियाच्या शासनाकडे नागरी सैन्य बोलावण्याची विनंती केली, राज्याने ती मानली नाही. ब्रिटिश साम्राज्याशी लढून जिंकलेली काँग्रेस आपल्याच सैनिकांपुढे गाव सोडून प्रिन्स्टनला निघून गेली.

चार वर्षांनी, १७८७च्या उन्हाळ्यात, त्याच इमारतीत घटना परिषदेसाठी ५५ प्रतिनिधी जमले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. मॅडिसन तयारीनिशी आले होते आणि त्यांची मागणी जहाल होती : राज्यांनी केलेला कोणताही कायदा राष्ट्रीय विधिमंडळाला रद्द करता यावा. छोट्या राज्यांच्या पोटात गोळा आला. १७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७ लाख ४७ हजार भरली, डेलावेअरची ५९ हजार. लोकसंख्येवर प्रतिनिधित्व आणि वर राज्यांच्या कायद्यांवर नकाराधिकार, म्हणजे डेलावेअरने व्हर्जिनियाच्या ओसरीवर राहायला जाण्यासारखेच होते. १६ जुलैला तडजोड झाली ती पाच राज्ये विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी : कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखेच मत.

दुसऱ्या दिवशी मॅडिसन यांचा नकाराधिकार फेटाळला गेला. त्याच बैठकीत मेरीलँडच्या ल्यूथर मार्टिन यांनी एक ठराव मांडला. संघाचे कायदे सर्वोच्च असतील आणि राज्यांच्या न्यायाधीशांवर ते बंधनकारक असतील, अशा कलमाचे ते मूळ रूप होते. राज्यांच्या हक्कांचा एवढा कडवा पुरस्कर्ता त्या सभेत दुसरा नव्हता, आणि पुढे याच मार्टिन यांनी घटनेला विरोध केला. तरीही संघाच्या सर्वोच्चतेचे बीज त्यांच्या हातून पेरले गेले. या एका दिवसात वादाचे स्थान बदलले. संघ आणि राज्य यांच्यातले भांडण विधिमंडळाच्या मतदानातून उठून न्यायालयात आले. तिथे शब्दांचा कीस काढला जातो, म्हणून दोन वर्षांनी एका शब्दासाठी एवढी झुंज झाली.

न्यायालयाचा पहिला मोठा प्रसंग उधारीचा होता. रॉबर्ट फार्कर या दक्षिण कॅरोलायनातल्या व्यापाऱ्याने १७७७मध्ये जॉर्जिया राज्याला युद्धासाठी माल पुरवला होता. पैसे मिळाले नाहीत. तो वारला, आणि त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक अलेक्झांडर चिझम याने थेट सर्वोच्च न्यायालयात राज्यावर दावा लावला. सार्वभौम राज्याला कोणी नागरिक कोर्टात खेचू शकत नाही, या भूमिकेवर जॉर्जियाने हजर राहायलाच नकार दिला. फेब्रुवारी १७९३मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी राज्याविरुद्ध निकाल दिला. हा आदेश बजावायला जो येईल त्याला फाशी द्यावी, असे विधेयक जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहाने संमत केले. ते वरच्या सभागृहात पुढे गेले नाही. पण १७९५मध्ये अकरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन दुसऱ्या राज्याच्या नागरिकाला असा दावा लावण्याची वाट बंद झाली. राज्यांचे सार्वभौमत्व संपलेले नाही, हे राज्यांनी घटनेतच लिहून घेतले.

मग १७९८ उजाडले. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या काळात संघ सरकारने राजद्रोहाचा कायदा केला. सरकारवर टीका छापल्याबद्दल व्हर्मांटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंग आणि एक हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. या कायद्याविरुद्ध केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी ठराव केले. केंटकीचा ठराव लिहिला होता उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी, व्हर्जिनियाचा मॅडिसन यांनी, दोघांनीही नाव न देता. ज्यांना अकरा वर्षांपूर्वी राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार संघाला हवा होता, तेच मॅडिसन आता संघाच्या घातक कायद्याला राज्यांनी आडवे यावे असे सांगत होते.

याला संधिसाधूपणा म्हणणे सोपे आहे, पण त्यात मॅडिसन यांचे खरे सूत्र निसटते. १७८७मध्ये त्यांना बेलगाम सत्ता दिसली ती राज्यांच्या विधिमंडळांत, कारण कर्जदारांच्या दबावाखाली काही राज्ये कागदी चलन छापून करार मोडत होती. १७९८मध्ये तीच सत्ता राजधानीत बसून मुद्रकांना तुरुंगात टाकत होती. मॅडिसन यांची नजर सत्तेच्या पत्त्यावर नव्हती, तिच्या वागण्यावर होती.

१८१९मध्ये तो गाळलेला शब्द सर्वोच्च न्यायालयात परतला. मेरीलँडने संघाने स्थापलेल्या बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर लावला : नोटा मुद्रांकित कागदावर काढा, नाहीतर वर्षाला १५ हजार डॉलर भरा. रोखपाल जेम्स मॅकुलक यांनी कर भरला नाही. बँक काढण्याचा अधिकार घटनेत कुठेही लिहिलेला नाही, हा राज्याचा मुद्दा बिनतोड वाटत होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी जुना करार आणि १७८९च्या त्या कलमातून झालेली दहावी दुरुस्ती शेजारी ठेवून वाचली. जुन्यात 'स्पष्टपणे' आहे, नव्यात नाही; म्हणून कोणता अधिकार सोपवला गेला हे संपूर्ण घटना वाचूनच ठरवावे लागेल, असे त्यांनी लिहिले. बँक टिकली, कर रद्द झाला.

एवढ्यावर ही गोष्ट संघाच्या बाजूने संपली असती. तिला काळी किनार दिली गुलामगिरीने. ज्या सभेने छोट्या-मोठ्या राज्यांची तडजोड घडवली, तिनेच प्रतिनिधित्वासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य केला होता. १८३२मध्ये दक्षिण कॅरोलायनाने जकातीचा संघीय कायदा आपल्या हद्दीत शून्यवत ठरवला आणि त्यासाठी १७९८च्या ठरावांचा हवाला दिला. एक्याऐंशी वर्षांच्या मॅडिसन यांनी हा अर्थ ठामपणे नाकारला : अनेक राज्यांनी मिळून आवाज उठवणे वेगळे, एका राज्याने देशाचा कायदा मोडणे वेगळे.

राज्यांच्या हक्कांची भाषा कोणासाठी वापरली जाते, याचा खरा कस १८५०च्या दशकात लागला. पळून गेलेल्या गुलामांना परत करण्याचा १८५०चा कायदा संघाचा होता आणि तो दक्षिणेला हवा होता. त्यात ज्यूरी नव्हती. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस गुलाम ठरवला तर दहा डॉलर मिळत, मुक्त ठरवला तर पाच. १८५४मध्ये मिझुरीहून पळालेल्या जोशुआ ग्लोव्हर याला विस्कॉन्सिनमध्ये पकडून मिल्वॉकीच्या तुरुंगात ठेवले, तेव्हा जमावाने दार फोडून त्याला सोडवले. या सुटकेबद्दल संपादक शर्मन बूथ यांच्यावर खटला भरला गेला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने केंटकीच्या जुन्या ठरावाच्या भाषेत निषेध नोंदवला. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलायना संघातून फुटली, आणि आपल्या जाहीरनाम्यात तिने तक्रार केली की उत्तरेची राज्ये गुलाम परत करण्याच्या कायद्याला अडथळे आणतात. राज्यांच्या स्वायत्ततेचा झेंडा घेऊन निघालेल्या राज्याला दुसऱ्या राज्याची स्वायत्तता सहन होत नव्हती. ढाल तीच होती. तिच्याआड विस्कॉन्सिनमध्ये ग्लोव्हर उभा होता आणि दक्षिण कॅरोलायनात गुलामांचे मालक, हा फरक विसरून राज्यांच्या अधिकारांबद्दल कोणतेही मत बनवता येत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा इतिहास नीट लक्षात ठेवला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी भारताला 'युनियन' का म्हटले याचा खुलासा केला : हा संघ राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटण्याचा अधिकार नाही. राज्यांना असा अधिकार नसल्याचे सिद्ध करण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले, तेव्हा ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, असे त्यांनी सभेला सांगितले. अमेरिकेने मोकळी ठेवलेली एक जागा भारताने पहिल्याच कलमात भरली.

अमेरिकेत मात्र उरलेली जागा अजून मोकळी आहे. माँटाना आणि ॲरिझोनामधल्या शेरीफांनी तक्रार केली होती की बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासण्याचे काम संघ सरकार आमच्यावर लादते. राज्याच्या अधिकाऱ्यांना संघाला असे राबवून घेता येत नाही, असा निकाल १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. बंदूकधारकांना तो आवडला. वीस वर्षांनी स्थलांतरितांना पकडण्यात स्थानिक पोलिसांनी हातभार लावावा म्हणून संघ सरकारने शहरांचे अनुदान रोखायला सुरुवात केली, तेव्हा शहरांच्या वकिलांनी हाच निकाल पुढे केला. त्या शहरांत फिलाडेल्फियाही होते. २०१८मध्ये तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल देताना दहाव्या दुरुस्तीचा आधार घेतला. ते न्यायालय १७८७ची परिषद भरली त्या इमारतीपासून पायी काही मिनिटांवर आहे.