उतरायची जागा

आज्ञाधारकपणा हा सद्गुण आहे, याबद्दल चौथीपर्यंत मला शंका नव्हती. चौथीच्या सुट्टीत वडिलांनी मला पहिल्यांदाच एकट्याला जळगावहून धुळ्याला आत्याकडे पाठवलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभं राहून एकच सूचना सात वेळा दिली, "स्टँडवरच उतरायचं. मधे कोणीही बोलावलं तरी उतरायचं नाही!" एरंडोल गेलं, पारोळं गेलं, मी हललो नाही. धुळ्यात शिरताना एका चौफुलीवर गाडी थांबली, तर खाली साक्षात आतोबा सायकल घेऊन उभे. आत्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

"उतर रे भो!" ते ओरडले.

"बाबांनी स्टँडवर सांगितलंय," मी म्हणालो.

गाडी सुटली. पुढे गाडी, मागे पायजमा सावरत सायकलवर आतोबा, अशी मिरवणूक स्टँडवर पोचली. पंधरा दिवसांनी मला न्यायला आलेले वडील अभिमानाने म्हणाले, "पाहिलंत? शब्दाबाहेर नाही पोरगा!" आतोबांना नुसतं आठवूनच पुन्हा धाप लागली.

हे सगळं मी विसरलो होतो. आठवण करून दिली ती चांद्रयानाने.

७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्री आमचं अख्खं घर टीव्हीसमोर बसलं होतं. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं, मग संपर्क तुटला. घरात कोणी बोलेना. तेव्हा आठवीत असलेल्या कन्येने विचारलं, "बाबा, चूक कोणाची? यानाची, की त्याला सांगणाऱ्यांची?"

मी म्हणालो, "झोप आता." उत्तर येत नसलं की बाप मंडळी हेच सांगतात.

तुम्ही म्हणाल, बंगळूरला एवढी विद्वान माणसं बसली होती, त्यांनी ब्रेक का नाही दाबला? तर दाबता येत नाही. तिकडून 'पडतोय' असं कळून इकडचं 'सांभाळ' तिकडे पोचेपर्यंत अडीच सेकंद जातात. आणि उतरायला सुरुवात होते तेव्हा वेग असतो सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर. या वेगाने जळगावहून धुळे मिनिटाच्या आत येईल. आतोबांना सायकलवर टांग टाकायलाही सवड मिळायची नाही! मंगळाचं तर बोलूच नका. २०१४ साली मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा निरोप एका बाजूने पोचायलाच बारा मिनिटं लागत होती. म्हणून हुकूम आठवडाभर आधीच यानात भरून ठेवले होते.

तेव्हा उतरताना यानाचा कारभार यानातलं सॉफ्टवेअरच पाहतं. त्याची रचना थेट आमच्या बँकेसारखी. आपण कुठे आहोत नि किती वेगात आहोत, हे उंचीमापक आणि कॅमेरे बघून सांगणारा एक. तिथून कसं जायचं ते ठरवणारा दुसरा. आणि प्रत्यक्ष इंजिनांचे कान पिळणारा तिसरा. म्हणजे शिल्लक पाहणारा, चेक पास करणारा आणि पैसे देणारा! फरक एवढाच की तिथे मधे कोणी चहाला जात नाही.

मग बिघडलं कुठे? इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ साली ते सांगितलं. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या. त्या निस्तरायला यानाला झटपट वळायला हवं होतं. पण किती वळायचं यावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली. त्यात उतरायची जागा नेमून दिलेली, ५०० मीटर बाय ५०० मीटर. तिथेच पोचायचं म्हणून जमीन जवळ आली तरी यान वेग वाढवत राहिलं.

हे वाचलं आणि मला चौफुलीवरचे आतोबा दिसले. विक्रम शब्दाबाहेर गेला नव्हता हो!

मला मोठं वाटतं ते पुढचं. इस्रोने विक्रमला बोल लावला नाही. काय काय बिघडू शकेल, याचीच आधी यादी केली. इंधन वाढवलं, पाय मजबूत केले आणि उतरायची जागा केली चार किलोमीटर लांब, अडीचएक किलोमीटर रुंद. तीही मोजूनमापूनच, भटकायला मोकळं रान नव्हे. २३ ऑगस्ट २०२३ ला दीडशे मीटरवर विक्रम क्षणभर थबकला, खाली धोंडे आहेत का ते बघितलं, स्वतः जागा निवडली आणि ६ वाजून ४ मिनिटांनी अलगद उतरला. आमच्या शाखेत त्या वेळी एका मोबाइलवर अकरा डोकी होती. 'कॅश जुळली का?' असं कोणी विचारलं नाही. (जुळली होती.)

टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. पण घरी? बारावीनंतर कन्येला पुण्याला धाडताना मी म्हणालो होतो, "आता निर्णय तुझे तू घ्यायचे. फक्त सी.ए. व्हायचं." म्हणजे पाचशे बाय पाचशे! पहिल्याच परीक्षेत ती नापास झाली. निकालानंतर चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आईला म्हणाली, "बाबांना कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

ही मला म्हणाली, "चार दिवस पोरगी एकटी होती." बाकी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

'झोप आता' म्हणून टाळलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. निर्णय दुसऱ्यावर सोपवता येतो, जबाबदारी नाही. पाठवणाऱ्याने चुकायला जागाच ठेवली नसेल, तर पडणाऱ्याला बोल लावायचा त्याला काय अधिकार?

मी फोन केला. "ये घरी. पुढचं मग बघू. स्टँडवर उतर, नाहीतर अलीकडे सोयीचं वाटेल तिथे. मी स्कूटर घेऊन येतो."

मी स्टँडवर उभा, आणि ती उतरली अजिंठा चौफुलीवर. स्कूटर उलटी वळवली. धाप अजिबात लागली नाही.