शेवाळाचा अपराध

एखाद्या जिवाला 'उपद्रवी' हे विशेषण लावण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो?

काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचे छोटेसे प्रवाळविश्व जोपासणाऱ्या हौशी माणसापुढे हा प्रश्न रोजच उभा असतो. टाकी नवी असते तोवर काचेवर तपकिरी थर धरतो, पुढे दगडांवर हिरवी लव वाढते, कधी तांबूस, चिकट साय पसरते आणि प्रवाळ तिच्याखाली गुदमरू लागतात. माणूस ब्रश घेतो, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडतो, शेवटी कंटाळून औषध टाकतो. औषधाने मेलेले शेवाळ त्याच पाण्यात कुजते, प्राणवायू ओढून घेते आणि त्याच्यातून सुटलेल्या द्रव्यांवर नवे शेवाळ पोसले जाते. शिवाय काही औषधे टाकीतील घाण पचविणाऱ्या उपकारक जिवाणूंचाही बळी घेतात. निदणाच्या दाखल्यातील धनी घाई का करीत नाही, ते येथे ध्यानात येते.

मुळात शेवाळाला निमंत्रण दिले कोणी? लाडापोटी माशांना टाकलेले चिमूटभर जास्तीचे खाद्य, नळाच्या पाण्यातून आलेली नायट्रेट व फॉस्फेट, शोभेसाठी रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा! आणि ज्याच्या रक्षणासाठी हा खटाटोप, त्या प्रवाळाच्या देहातही सूक्ष्म शैवालच वस्तीला असते. त्याचे बरेचसे अन्न व रंग तेच पुरविते. म्हणजे प्रवाळाच्या देहात जो पोशिंदा, तोच काचेवर दिसला की गुन्हेगार. (खडकाळ प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून उचलून दिवाणखान्यात आणणारा स्वतःला मात्र उपद्रवी म्हणवून घेत नाही.)

आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून दूर. येथे प्रवाळाची टाकी क्वचितच दिसेल. पण खाऱ्या पाण्याचे एक प्रचंड पात्र निसर्गानेच येथे मांडून ठेवले आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्यातील पाणी इतके अल्कधर्मी की सामान्य मासा तेथे तग धरणार नाही. ते पाणी हिरवे दिसते ते स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म शैवालामुळे. ते खरडून काढण्याची गोष्ट कोणी काढत नाही, कारण ते शैवाल हाच सरोवराचा प्राण आहे. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे आढळले. बाष्पीभवनाने क्षार वाढले, त्यांना अनुकूल काळ आला, ते वाढले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

लोणारला खरी भीती आहे ती बाहेरून येणाऱ्या पाण्याची. गावाचे सांडपाणी सरोवरात उतरत असल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. घाणीचे सोडा, निर्मळ गोडे पाणीसुद्धा प्रमाणाबाहेर आत आले तर क्षारता उतरते आणि तेथील मूळ जीव संकटात सापडतात. जे आपल्या घागरीत अमृत, ते तेथे उपद्रव.

मग टाकीतले शेवाळ काढूच नये काय? अवश्य काढावे. जो जीव आपण मूळ स्थानातून उचलून आपल्या हवाली करून घेतला, त्याचे रक्षण करणे हे कर्तव्यच होय. तेथे अलिप्तपणाला मी सद्गुण म्हणणार नाही. ब्रश चालविण्याचा अधिकार मला मान्य आहे, शेवाळाला दोषी ठरविण्याचा नाही. दोषी ठरवून मोकळा झालेला माणूस ब्रश खाली ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पुन्हा खाद्याची डबी उघडतो. पाणी बदलणे, दिव्याचे तास कमी करणे, खाद्य निम्म्यावर आणणे ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांचे फळ दिसायला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर काच हिरवीच राहते.