यंत्र थांबलेलं नसतं

घरातला संगणक हँग झाला की आपला हात आपोआप पुन्हा क्लिक करतो. काही हललं नाही तर आणखी दोनदा. पडदा पांढुरका होतो, वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, “मेलं हे डबडं. किती दाबायलास? नवं घ्या आता.” अशा वेळी कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा बघावा. तो विझलेला नसतो, सलग पेटलेला असतो. आपल्याला निपचित वाटणारं यंत्र त्या क्षणी जिवाच्या आकांतानं राबत असतं.

मांजरसुंब्याच्या पुढे, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या आपल्या चौसाळ्यात घरातला संगणक म्हणजे हौसेची वस्तू नव्हे. त्यावर मुलीचा महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज भरायचा असतो, मुलाला एमएस-सीआयटीचा सराव करायचा असतो, आईच्या बचत गटाचा हिशेब असतो, वडिलांना सातबारा काढून बघायचा असतो. यंत्र बहुधा जुनं, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेलं, दोन नाहीतर चार जीबी रॅमचं. त्याला मोडीत काढण्याआधी त्याचं दुखणं काय आहे ते समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

दुखणं असं. चालू कामाची माहिती रॅममध्ये राहते. रॅम भरली की संगणक त्यातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि गरज पडली की परत आणतो. ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅटलस संगणकात 1962 मध्ये प्रत्यक्षात आली, आणि आजही प्रत्येक घरगुती संगणक तिच्यावरच चालतो. पण रॅम आणि फिरत्या चकतीची हार्ड डिस्क यांच्या वेगात साधारण लाखपटीचं अंतर आहे. रॅममधून एक गोष्ट मिळायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर तीच डिस्कवरून यायला जवळजवळ अठ्ठावीस तास लागतील. गल्ल्यासमोरची फळी लहान आणि माल सगळा मागच्या गोदामात, अशा दुकानदारासारखी गत होते. तो दिवसभर धावतो, आणि गिऱ्हाईक मात्र उभंच राहतं.

पीटर डेनिंग या अमेरिकी संशोधकानं 1968 मध्ये या अवस्थेची कारणं उलगडून दाखवली. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संगणक हळूहळू मंदावत नाही. पेलवेल तेवढी कामं असतात तोवर तो नीट चालतो; पेलण्यापलीकडचं एक काम वाढलं की एकदम कोसळतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसतो, कारण प्रत्येक काम डिस्कवरून काहीतरी येण्याची वाट बघत असतं. त्या काळातल्या यंत्रणांना प्रोसेसर रिकामा दिसला की त्या आणखी एक काम आत घेत, आणि कोंडी वाढे. आपण घाईघाईनं मारलेल्या क्लिकही तेच करतात. त्या हरवत नाहीत, रांगेत उभ्या राहतात आणि नंतर एकामागोमाग एक खिडक्या उघडत सुटतात. प्रत्येक कामाला त्या घडीला जेवढी माहिती लागते तेवढी रॅममध्ये मावलीच पाहिजे. मावत नसेल तर कामं कमी करावीत, हा डेनिंग यांचा निष्कर्ष. आणि कामं कमी केली की एकूण काम जास्त होतं!

म्हणून हात आवरावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यालाही वेळ लागेल, तो द्यावा. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त जागा अडवणारं नाव वर येतं. बहुतेक वेळा ते ब्राउझरचं असतं, कारण उघडा ठेवलेला प्रत्येक टॅब आपला वाटा घेऊन बसलेला असतो. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवावा. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रोग्राम ‘स्टार्टअप’मधून बंद करावेत. बऱ्याच दिवसांनी यंत्र लावलं तर आधी अपडेट उतरत असतात. चालू करून चहा घेऊन यावं, मग अर्जाला बसावं. दिवा पेटलेला असताना पॉवरचं बटण दाबून धरू नये, अर्धवट लिहिलेली फाइल कायमची बिघडू शकते. महामार्गालगतच्या घरात धूळ असतेच. ती पंख्यात साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी कॅबिनेट उघडून साफ करून घ्यावं.

एवढ्यानंही भागलं नाही तर आणखी रॅम बसवता येते. फक्त आपल्या बोर्डाला डीडीआर 3 लागते की डीडीआर 4 हे आधी बघावं, एकीची खाच दुसरीला जुळत नाही. जुन्या चकतीच्या जागी एसएसडी लावली तर तेच यंत्र ओळखू येत नाही, आणि पैसे थोडेच असतील तर मी आधी तिकडेच घालीन. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या अटींत असंख्य जुने संगणक बसत नाहीत, म्हणून ते भंगार झाले असं मी मानत नाही. सी-डॅक या संस्थेची बॉस किंवा लिनक्स मिंट या प्रणाली विंडोजऐवजी वापरता येतात; त्या मोफत मिळतात आणि कमी मेमरीतही चालतात. त्यांत मराठी लिहिता येतं, हिशेबाचा तक्ता करता येतो, इंटरनेट चालतं. मुलीचा अर्ज आणि बचत गटाची वही, दोन्ही कामं त्यावर होतात.