अधिकार कोणाचा तपासायचा?

सप्टेंबरात एका रात्री जेवणं आटोपल्यावर फोन आला. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे बी.एड. झालेली विद्यार्थिनी होती. आवाज चढलेला. "बाई, या वयात मला टीईटी द्यायला लावतायत. इतकी वर्षं माझ्या हाताखालून पोरं शिकून गेली, ती काय खोटी?"

1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या जिव्हारी लागला होता. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. समजूत घालायला शब्द नव्हते. पण फोन ठेवला आणि आयुष्यभर ज्या कामावर पोट भरलं, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न समोर येऊन बसला. शिकवण्याचा अधिकार माणसाला मिळतो कुठून? तो कागदावर देता येतो का?

माझे वडील कीर्तनकार. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले. जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेल्या या संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे भक्तीच्या प्रांतातही, लोकांपुढे उभं राहून सांगायचं तर आधी बसून शिकावं लागतं, हे मान्य होतं. वडील ओसरीवर मुलांना वेदान्ताची प्रकरणं समजावून देत, तेव्हा सुरुवात नेहमी चार गोष्टींनी होई: अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. पैकी पहिला अधिकारी. हा ग्रंथ ऐकायला लायक कोण? विवेक हवा, वैराग्य हवं, शमदम हवेत, मोक्षाची तळमळ हवी.

लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. पुढे बी.एड. कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा लक्षात आलं की जुन्या परंपरेत अधिकार तपासला जाई तो शिकणाऱ्याचा. मुळात ही अट साधकाच्या तयारीची होती, पण समाजानं ती जन्माला चिकटवली आणि तिच्या जोरावर दारं बंद झाली. एकलव्याचा अंगठा याच न्यायानं गेला. आळंदीच्या चार भावंडांना पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं गेलं, ही कथाही त्याच दारापाशी घडते. आणि त्या भावंडांतल्या ज्ञानदेवांनी 1290 साली नेवाशात गीता मराठीत सांगितली, तेव्हा ऐकणाऱ्याकडे कुठलाही दाखला मागितला नाही.

आपल्या भाषेत 'अधिकार' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक लायकी, दुसरा हक्क. संविधानाच्या 21-क कलमानं आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत पहिला अर्थ पुसून टाकला आणि दुसरा लिहिला. मूल हुशार असो, मंद असो, ऊसतोड कामगाराचं असो, त्याला विवेक-वैराग्य विचारायचं नाही. ते आलं की ते अधिकारी. मग लायकीचा जुना प्रश्न गेला कुठे? तो टेबलाच्या पलीकडे गेला. त्याच कायद्यात शिक्षकाच्या पात्रतेचंही कलम आहे. शतकानुशतकं आपण शिष्याला जो प्रश्न विचारला, तो आता गुरूला विचारतो आहोत. मला ही आपल्या काळातली मोठी नैतिक उलथापालथ वाटते.

कोणी म्हणेल, गुरूची पारख शिष्यानं करावी, सरकारनं कशाला? मुंडक उपनिषदात शिष्य हातात समिधा घेऊन स्वतः गुरूकडे जातो. तो गुरू कसा असावा, हेही तिथे सांगितलं आहे: श्रोत्रिय, म्हणजे शास्त्र शिकून जाणणारा, आणि ब्रह्मनिष्ठ. पण सहावीतली मुलगी समिधा घेऊन कोणाकडे जात नाही. तिचे शिक्षक वेळापत्रक ठरवतं. जिला निवडता येत नाही, तिच्या वतीनं कोणीतरी पारख करून ठेवायला हवी. प्रमाणपत्राला मी या अर्थानं मानते. समाजानं त्या मुलीला दिलेला तो शब्द आहे, की हा माणूस तुझ्यासमोर उभा करण्याआधी आम्ही तपासला आहे.

विषय येणं आणि शिकवता येणं या दोन गोष्टी आहेत, हे मला माझ्या थोरल्या भावानं शिकवलं. तो भोसरीच्या एका कारखान्यात बारा वर्षं फिटर होता. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक व्हायचं म्हणून त्यानं वर्षभराचा प्रशिक्षकांचा कोर्स केला. सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, "कानस माझ्या हाताला माहीत होती, तोंडाला नव्हती." पहिल्या प्रात्यक्षिकात त्याला विचारलं गेलं की कानस मारताना दाब कुठे असतो. त्याला सांगता येईना. मग त्यानं स्वतःचेच हात पाहिले. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला दाब पुढच्या डाव्या हातावर, मध्यावर दोन्हींवर सारखा, शेवटी उजव्यावर. परतताना दाब नाही. हे चुकलं की जॉबच्या कडा झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो. बारा वर्षं त्याचे हात हे बिनचूक करत होते. पोराच्या हातात ते द्यायचं तर आधी त्याला स्वतःचं ज्ञान उलगडून बघावं लागलं. श्रोत्रिय होणं म्हणजे मला वाटतं हेच.

आणि निष्ठा? ती कोणत्या पेपरात तपासायची? इथे मला फोनवरच्या त्या विद्यार्थिनीचाच सराव पाठ आठवतो. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांचा भागाकार. टाचण सुबक, हर्बार्टची पंचपदी ओळीनं मांडलेली, फलकलेखन मोत्यासारखं. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले होते. अर्ध्याला पावानं भागून उत्तर दोन आलं, तशी एक मुलगी उठली. "बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? वाढलं कसं?"

माझ्या स्वतःच्या सराव पाठात हाच प्रश्न आला होता. उपयोजनाला चार मिनिटं उरली होती, म्हणून मी "नियमच तसा आहे" म्हणून पुढे गेले. गुण उत्तम मिळाले. ती मुलगी पुन्हा काही विचारायला उठली नाही, आणि ते मला आजही बोचतं.

माझी विद्यार्थिनी मात्र थांबली. मुलीच्या डब्यातली भाकरी मागून घेतली, मोडून अर्धी केली आणि म्हणाली, "हिच्यात पाव-पाव भाकरी किती जणींना मिळेल, वाटून बघ." मुलीनं वाटली, मोजलं, आणि खाली बसता बसता स्वतःशीच म्हणाली, "दोघींना." घंटा झाली. टाचणातली शेवटची पायरी राहून गेली. मी वहीत लिहिलं, 'टाचण अपूर्ण. पाठ पूर्ण.' गुण मात्र छापील रकान्यांप्रमाणेच द्यावे लागले.

निष्ठा परीक्षेत मोजता येत नाही, पण अशी वेळ अभ्यासक्रमात आणता येते. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत राहणं आलं. त्याला आपण आंतरवासिता म्हणतो. उपनिषदांत अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. इथे होऊ घातलेला गुरू मुलांजवळ राहायला जातो. म्हणूनच हजेरी कागदावर लावून नुसतं परीक्षेपुरतं तोंड दाखवण्याची सोय जिथे मिळते, तिथे माझा जीव तुटतो. हे दुखणं नवं नाही. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या खटल्यातूनच शिक्षक-शिक्षणाचा दर्जा तपासणारा न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. विकत घेतलेली पदवी म्हणजे मुलीला दिलेला खोटा शब्द.

चार दिवसांनी मीच तिला फोन केला आणि वडिलांच्या कीर्तनातली गोष्ट सांगितली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारतात आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरतं. नामदेवांना ते लागलं, ते दुखावले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, त्याला कच्चं म्हणायचं? तरी ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांपुढे जाऊन बसले. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

"अगं, तुझं मडकं पक्कं आहे हे मी त्या भाकरीच्या दिवशीच पाहिलंय," मी म्हटलं. "पण तुझ्या वर्गातल्या पोरीनं ते पाहिलेलं नाही. तिच्यासाठी थापटणं खा."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, बालमानसशास्त्राला तीस गुण आहेत. तुमच्या नोट्स अजून आहेत का?"

माळ्यावरची पेटी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली काढली.