आजचं चिंतन : गळणारे केस आणि गीता २.१३

बालपण, तारुण्य, म्हातारपण असा देह बदलत जातो, आतला मात्र तोच राहतो, असं आजचा श्लोक सांगतो. मग पाळी जायच्या वयात आई आपला रुंदावलेला भांग बघून हळहळते, तो मोह का? मला नाही वाटत. इस्ट्रोजेन कमी झालं की केस पातळ होऊ शकतात, हा देहाचा धर्म. त्याचं वाईट वाटणं हा मनाचा. भगवंतांनीही हा श्लोक अर्जुनाचं दुःख ऐकून घेतल्यावरच सांगितला. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. म्हणून "देह नश्वर आहे" हे स्वतःला सांगा, आईला नको. आधी तिचं ऐका. रक्त, थायरॉइड तपासून घ्यायला डॉक्टरांकडे सोबत जा. तीही सेवाच.

जय श्रीकृष्ण!