पुराचं पाणी कुठून आलं?

पावसाळ्यात कर्जतच्या पुलाखालून उल्हास गढूळ, दुथडी भरून चालली, की गावात थेंबही नसताना लोक म्हणतात, ‘राजमाचीकडे पडतोय.’ कार्यावरून कारण ओळखण्याच्या या अनुमानाला न्यायदर्शन ‘शेषवत्’ म्हणतं, आणि वात्स्यायनाच्या भाष्यातलं त्याचं उदाहरणही नदीच्या पुराचंच आहे. दाटलेले ढग पाहून पाऊस येणार म्हणणं, ते ‘पूर्ववत्’.

पेशीविज्ञानाचं आज या दोन्ही अनुमानांवाचून चालत नाही. एकेका पेशीतला सगळा आरएनए मोजायचा, तर सहसा पेशी फोडावीच लागते. मग तीच पेशी उद्या काय झाली असती, हे कसं पाहणार? हाती उरतो तो हजारो मेलेल्या पेशींचा एका क्षणाचा हिशेब. 2018 साली ला मानो, लिनार्सन, खारचेन्को आणि सहकाऱ्यांनी त्यातून ‘आरएनए वेग’ काढला. जनुकावरून नुकताच उतरलेला आरएनए कच्चा असतो. त्यातले इंट्रॉन छाटले की तो पक्का होतो. पक्क्याच्या मानाने कच्चा जास्त, तर जनुक चढणीला; कमी, तर उतरणीला. त्यावरून पेशीच्या पुढच्या काही तासांचं भाकीत. आधी शेषवत्, मग पूर्ववत्!

न्यायसूत्रांतला पूर्वपक्षी मात्र हरकत घेतो: पुढे अडवली तरी नदी फुगतेच की. खालापूर तालुक्यात ही हरकत पुस्तकी नाही. 1915 साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी पाताळगंगेला मिळतं. भर उन्हाळ्यात तिचं पाणी चढलं, तर त्यामागे घाटावरचा पाऊस नसून मुंबईची विजेची मागणी असू शकते.

पेशींच्या नकाशावर आरएनए वेग दाखवणारे बाणही असेच फसले. उंदराच्या भ्रूणात तांबड्या रक्तपेशी घडत असताना ते चक्क उलटे, पक्व पेशींकडून अपक्व पेशींकडे वळलेले दिसले. आरएनए उतरण्याचा दर हिशेबात स्थिर धरला होता. काही जनुकांत तो मध्येच वाढला होता.

नैयायिकाचं उत्तर असं, की यात दोष अनुमानाचा नाही, खूण नीट न पाहणाऱ्याचा आहे. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात पानं-लाकडं वाहून येतात. तेवढं पाहावं. बाणांची देखणी चित्रं प्रत्यक्ष पुरावा म्हणून मिरवणाऱ्यांनी हे उत्तर जरूर वाचावं.

वाइनरेब, क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये वेगळी खूण शोधली. उंदराच्या रक्ताच्या मूळ पेशींना त्यांनी डीएनएचे शिक्के दिले, त्या दुभंगू दिल्या. काही बहिणी लगेच मोजल्या, उरलेल्या पुढे वाढू दिल्या. वेगवेगळ्या ठेवलेल्या बहिणींची भवितव्यं नुसत्या आरएनएवरून वाटली असती त्याहून जास्त जुळली. म्हणजे त्यांची वाट ठरवणारं काहीतरी त्या मोजणीत उतरलंच नव्हतं.