बरं न होणाऱ्यांसाठी दहा किलोमीटर

दहा किलोमीटर धावलं की हॉस्पिसला पैसे का मिळावेत? धावण्याचा आणि शेवटच्या आजारातल्या माणसाच्या औषधपाण्याचा संबंध काय?

आमच्या रविवारच्या रनिंग ग्रुपने पुण्यातल्या एका हॉस्पिससाठी निधी गोळा करायचं ठरवलं, तेव्हा पहिली हरकत हीच आली. हरकत घेणारा मित्र सीए आहे. टी-शर्ट, मेडल, केळी, पाणी मिळून माणशी चारशे रुपये जाणार. त्यापेक्षा धावूच नका, घरी झोपा आणि ते चारशेही देऊन टाका, असं त्याचं म्हणणं.

हिशोब बरोबर आहे. फक्त घरी झोपलेल्या माणसासाठी कुणी खिशात हात घालत नाही. क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या संशोधकांनी २०१३ साली यावर शोधनिबंध लिहिला. देणगीसाठी धावण्यासारखे कष्ट सोसावे लागणार असतील, तर लोक आरामाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होतात, असं त्यांना दिसलं. याला त्यांनी ‘मार्टरडम इफेक्ट’ म्हटलं. आपल्याला हे नवीन नाही. मूल आजारी पडलं की आई उपास धरते, कुणी अनवाणी गड चढतं. स्वतःचं शरीर तारण ठेवून मागणं मागायची आपली जुनी पद्धत आहे.

पण नवसात मागणं असतं : याला बरं वाटू दे. हॉस्पिससाठी धावताना नेमकं तेच मागता येत नाही. आणि देणगीदार तिथेच अडतात. आमच्यातल्या एकीच्या काकांनी स्पष्टच विचारलं, “तिथून बरं होऊन कुणी येत नाही ना? मग तेच पैसे एखाद्या लहान मुलाच्या ऑपरेशनला द्या की.”

हा प्रश्न निर्दयी नाही. पैसे मोजकेच असतात आणि त्या मुलापुढे साठ-सत्तर वर्षं आहेत. आकड्यांत या युक्तिवादाला हरवणारं गणित माझ्याकडे नाही, आणि ऑपरेशनला पैसे देऊ नका असंही मी म्हणणार नाही. पण त्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती मला खटकते. आजच्या दिवसाची किंमत पुढे किती दिवस उरलेत त्यावर ठरते, असं त्यात धरून चाललेलं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखादं प्रॉडक्ट ‘एंड ऑफ लाइफ’ जाहीर झालं की सपोर्ट बंद होतो. बग सापडला तरी कुणी बघत नाही, कारण जे बंदच होणार त्यावर माणूस-तास का घालवायचे? सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते ठीकच आहे, कारण त्याला दुखत नाही. माणसाच्या बाबतीतही अनेकदा हेच वाक्य ऐकू येतं, “आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा.” हॉस्पिसचं काम या वाक्यानंतर सुरू होतं. सपोर्ट बंद होतो तिथे तो वाढवायचा.

सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. शरीराच्या दुखण्यासोबत भीती, एकटेपण, घरच्यांची काळजी, ‘माझं आयुष्य कशासाठी होतं’ हा प्रश्न, हे सगळं मिळून वेदना होते, असं त्या मांडत. त्यांनी त्याला ‘टोटल पेन’ म्हटलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ला, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती अफू आपल्याच देशात कायदेशीर पिकते. तरीही परवान्यांच्या जंजाळामुळे कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं कठीण झालं. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. जे एवीतेवी जाणारच आहेत त्यांच्या दुखण्याची घाई कुणाला असणार?

ग्रुपमधल्या एका ताईची आई शेवटचे एकोणीस दिवस हॉस्पिसमध्ये होती. ताई सांगत होत्या, आधीचा महिनाभर आई फक्त कण्हायची. औषधाचा डोस जमला, त्या दुपारी तिने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, “यात साखर कुणी घातलीच नाही का?” ताई म्हणाल्या, “ती कटकट ऐकली आणि मला आई परत मिळाली.” त्या दुपारीनंतर आठ दिवसांनी आई गेली. आता त्या दुपारची किंमत पुढच्या आठ दिवसांनी भागून काढायची का?

खरं तर हे आम्हा धावणाऱ्यांना आधी कळायला हवं. आम्ही जिथून निघतो तिथेच तासाभराने परत येतो. ना काही सामान पोचवलं, ना निरोप. वजन, शुगर वगैरे फायदे आहेतच, पण पावसाळ्यात पहाटे पाचला तेवढ्यासाठी कुणी उठत नाही. तो तास चांगला जातो म्हणून आम्ही उठतो. ‘यातून निघालं काय?’ हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारत नाही, मग तो खाटेवरच्या माणसाच्या दुपारीला विचारायचा अधिकार आम्हाला कुठून आला?

पण हे साम्य फार ताणू नये. आमचा कोच धावताना विचारतो, “दहापैकी किती जोर लागतोय?” हॉस्पिसमधली सिस्टरही विचारते, “शून्य ते दहा, किती दुखतंय?” मोजपट्टी सारखी वाटते, पण माझा आठ मी थांबले की दोन मिनिटांत तीनवर येतो. त्या खाटेवरच्या माणसाला थांबायची सोय नाही. म्हणून पोस्टरवर ‘त्यांच्या वेदनेत आम्ही सहभागी’ असं लिहायचं सुचलं होतं, ते आम्ही काढून टाकलं. कुणाच्या वेदनेत असं धावून सहभागी होता येत नाही.

मग काय देता येतं? पैसे, ते दिले. पण पैशांतून विकत न मिळणारी एक गोष्ट आहे, ती केरळने दाखवली. १९९३ साली कोझिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. पुढे तिथे वस्त्यावस्त्यांतून साध्या माणसांनी प्रशिक्षण घेऊन, आठवड्यातले काही तास काढून, आसपासच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे जायला सुरुवात केली. डॉक्टर-नर्स मदतीला असतात, पण या व्यवस्थेचा कणा म्हणजे शेजारी.

रनिंग ग्रुपकडे दुसरं काही नसलं तरी ठरल्या वेळी हजर राहायची सवय असते. चेक द्यायला गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, दुपारी तीन ते पाच कुणी येऊन बसेल का? त्या वेळात नातेवाईक अंघोळीला, जेवायला, डुलकी काढायला जातात आणि रुग्ण एकटा पडतो. आधी दोन दिवस शिकून घ्यावं लागलं : काय बोलायचं, त्याहून जास्त, काय बोलायचं नाही. “लवकर बरे व्हा” हे पहिलं बंद. आता आमच्यातले सात जण पाळीपाळीने जातात. कुणी पेपर वाचून दाखवतं, कुणी क्रिकेट लावून देतं, बराच वेळ नुसतं बसायचं असतं. पहिल्या दोन-तीन वेळा आपण इथे काय करतोय असं वाटतं, हात मोबाइलकडे जातो. नंतर खिडकीतलं ऊन सरकताना दिसायला लागतं. समोरचे आजोबा विचारतात, चार वाजले का? चहा येईल आता.